बर्फ आणि पासवर्ड

माझ्या लहानपणी रमजान ऐन मे महिन्यात यायचा. अकोला जिल्ह्यातला मे काय असतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा फ्रीज एकाच घरी होता. असरची नमाज झाली की आम्ही पोरं स्टीलचे डबे घेऊन त्या घराच्या दारात उभी राहायचो. त्या घरच्या खाला कुणालाही रिकाम्या डब्यानं परत पाठवत नसत. बर्फ कमी पडला तर तुकडे लहान व्हायचे, पण मिळायचा सगळ्यांना. इफ्तारच्या शरबतात तो बर्फ पडायचा आणि आमची अम्मी रोज त्या घरासाठी दुआ करायची.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या दारात आता पासवर्डसाठी पोरं उभी राहतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि मला घरी फायबरची जोडणी घ्यावी लागली. गल्लीत बहुधा पहिलीच. जोडायला आलेल्या मुलानं अर्ध्या तासात तार ओढली, डबा भिंतीला ठोकला, नेटवर्कला माझ्या आडनावाचं नाव दिलं आणि पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर टाकला. "सर, विसरणार नाही," म्हणाला. विसरलो नाही हे खरं. पण तो नंबर शाळेच्या फलकावर आहे, शंभर पालकांच्या फोनमध्ये आहे, किराणावाल्याच्या वहीत आहे. आमच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली अख्ख्या गावाकडे होती.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातला नातू आला. "सर, दादी पासवर्ड मंगाई." त्याची ऑनलाइन शाळा, घरात एकच फोन, नेटपॅक संपलेला. मी दिला. न देण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. ज्या गल्लीत आपण बर्फ मागून मोठे झालो तिथे इंटरनेट नाकारायचं कसं?

गेल्या वर्षी एका रात्री मी शाळेची यूडायस प्लसची माहिती भरत बसलो होतो. पान काही केल्या पुढे सरकेना. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, जो आता अकोल्याला संगणक दुरुस्त करतो, फोनवरून राउटरचं पान उघडायला शिकवलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. उघडलं. जोडलेल्या उपकरणांची यादी समोर आली. सतरा. आमच्या घरात फोन, लॅपटॉप धरून पाच. उरलेली बारा कोणाची? काही नावांवरून अंदाज आला, एक तर कोणाचा तरी टीव्ही होता. चौकशी केली तेव्हा समजलं की समोरच्या पोरानं मित्राला दिला, मित्रानं कटिंगच्या दुकानात दिला. अँड्रॉइड फोनवर आता पासवर्ड तोंडानं सांगावासुद्धा लागत नाही, चौकोनी कोड दाखवला की दुसऱ्याचा फोन जोडला जातो आणि त्या कोडखाली पासवर्ड वाचायलाही मिळतो. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळे आपलेच. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याला कारण नेटचा वेग नव्हता.

मला २००८ आठवलं.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत संध्याकाळी थोड्याच वेळात एकामागून एक स्फोट झाले. ५६ माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. इस्पितळापर्यंत बॉम्ब होते. हे ज्यांनी केलं त्यांनी ते इस्लामच्या नावावर केलं, आणि त्या नावाची इतकी विटंबना आमच्या कुठल्याही शत्रूनं केली नसेल. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा एक ई-मेल गेला. पोलिसांनी त्याचा माग काढला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. फ्लॅटमध्ये राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचं वायफाय उघडं होतं. बाहेरच्या कुणीतरी त्याला जोडून मेल पाठवला होता. ऑगस्टमध्ये दुसरा मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी तिसरा, चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या नेटवर्कवरून. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा या कटाशी काही संबंध नव्हता. त्यांचा संबंध इतकाच की हवेतली तार त्यांच्या नावावर होती.

त्यानंतर सरकारी पातळीवर धावपळ झाली. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली, फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. मग लोक विसरले.

मी मात्र तेव्हापासून एक प्रश्न मनात बाळगून आहे आणि तो इथे स्पष्ट विचारतो. तो फ्लॅट सानपाड्यात न असता बाळापुरात असता, आणि दारावर अमेरिकन नावाऐवजी आमच्यापैकी कुणाचं नाव असतं, तर?

त्या अमेरिकन माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तो निर्दोष होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, देशाबाहेर जाऊ नये म्हणून सूचना निघालेली असतानाही तो मध्येच मायदेशी गेला, आणि तरीही पुढे त्याच्यावर गुन्हा लागला नाही. हे योग्यच झालं. पोलिसांनी तार आणि माणूस यांत फरक केला. माझं म्हणणं एवढंच आहे की हा फरक करण्याची सवड प्रत्येकाला मिळावी. अहमदाबाद खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. ४९ जण दोषी ठरले, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते वरची न्यायालयं बघतील. पण त्याच निकालात २८ जण सुटले. स्फोट ते निकाल, तेरा वर्षांहून जास्त. एवढ्या काळात पहिलीतलं पोर बारावी होऊन जातं. निर्दोष असणं आणि निर्दोष ठरणं यांच्यामध्ये जे अंतर आहे ते आमच्या वाट्याला बरेचदा लांब येतं, हे मी रागानं नाही, हिशेब म्हणून लिहितो आहे.

या हिशेबातली तांत्रिक बाजू फार थोड्या लोकांना माहीत असते. घरातली सगळी उपकरणं राउटरमधून बाहेर पडतात तेव्हा जगाला एकच पत्ता दिसतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो फोनचा नसतो, जोडणीचा असतो. अमुक वेळी अमुक पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद इंटरनेट कंपनी ठेवते, डिसेंबर २०२१ पासून तर परवान्याच्या अटीनुसार दोन वर्षं ठेवावी लागते. म्हणजे कंपनीच्या दप्तरात तुमचं नाव दोन वर्षं पक्कं. पण त्या वेळी घरात कोणता फोन जोडलेला होता, तुमचा की कटिंगच्या दुकानातला, हे कंपनीला माहीत नसतं. ते फक्त तुमच्या राउटरला माहीत असतं, आणि घरगुती स्वस्त राउटर ही नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. वीज गेली की पुसली. आमच्याकडे वीज किती वेळा जाते? तुमच्या विरुद्धचा कागद दोन वर्षं टिकतो आणि तुमच्या बाजूचा कागद दुपारच्या भारनियमनात उडून जातो.

बर्फ आणि इंटरनेट यांतला फरक मला असा उशिरा कळला. दिलेल्या बर्फावर देणाऱ्याचं नाव नसतं. इंटरनेट मात्र कुणीही वापरो, बाहेर पडतं ते माझं नाव घेऊन. आणि दहशतवाद फार लांबची गोष्ट झाली. कुणाच्या मुलीचा फोटो बिघडवून टाकणं, खोट्या खात्यावरून शिवीगाळ, दंगलीच्या दिवसांत एखादी भडकाऊ पोस्ट, ओटीपीची फसवणूक, हे सगळं गावपातळीवर रोज घडतंय. यातलं एखादं काम तुमच्या जोडणीवरून झालं तर पहिली विचारपूस तुमच्या दारात होणार.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपण काही चुकीचं करत नाही, मग कशाला घाबरायचं?" मला हे वाक्य नेहमी अर्धवट वाटतं. आपण करत नाही हे आपल्याला माहीत आहे. आपल्या तारेवरून कोण काय करतं हे कुठे माहीत आहे? शिवाय मी हे भीतीपोटी करा म्हणत नाही. जोडणी माझ्या सहीनं घेतली आहे, ती माझ्याकडे अमानत आहे. ज्या दीनमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी मागायला सूरह नूरमध्ये शिकवलं, त्या दीनच्या माणसानं आपल्या घराचं एक दार रात्रंदिवस उघडं ठेवून वर त्याला साधेपणा म्हणावं, हे मला पटत नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. सगळं त्या विद्यार्थ्यानं फोनवर शिकवलं, मी फक्त बटणं दाबली. गुरू-शिष्य उलटे झाले, मला आवडलं.

आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि नव्याण्णव घरांत कुणी त्याला हात लावलेला नसतो. ॲडमिन-ॲडमिन. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कुठलीही चतुराई न करता. कारखान्यातून येणारी साठेक ठरावीक नावं आणि पासवर्ड तो एकेक करून लावून बघायचा. आपल्याकडे २०१७ च्या जुलैत बीएसएनएलचे कितीतरी मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले, आणि कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं की बाबांनो, मूळचा पासवर्ड बदला. ज्याच्या हाती हा पासवर्ड, त्याच्या हाती घराचं सगळं नेटवर्क. तो वायफायचा पासवर्डही वाचू शकतो. म्हणून हे काम पहिलं.

मग वायफायचा पासवर्ड. मोबाइल नंबर का नको? तो सगळ्यांना माहीत असतो हे एक. दुसरं असं की आपल्याकडचे नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते. पण तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हाची हवेतली देवाणघेवाण कुणी टिपून घेतली, तर तो घरी बसून एकेक नंबर लावून पाहू शकतो, आणि खेळांसाठी लोक घेतात तसलं चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक चारशे कोटी शक्यता काही तासांत संपवतो. जन्मतारीख तर त्याहून सोपी. लांबी हाच इलाज. मी दोन भाषा शिकवतो, त्याचा इथे उपयोग झाला. एकमेकांशी काही नातं नसलेले चार-पाच शब्द घ्या, दोन मराठी, दोन उर्दू, एखादा वऱ्हाडी, आणि रोमन लिपीत सलग लिहा. चूल, दरीचा, पोट्टं, चिराग, अशा जातीचे. (हेच घेऊ नका, हे आता छापून आले.) गालिबचा शेर नको, इकबालची ओळ नको, सूरहचं नाव नको. जे पुस्तकात आहे ते फोडणाऱ्याच्या यादीतही असतं.

राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण असतं, पासवर्ड न टाकता जोडायची सोय. त्यात आठ आकड्यांचा पिन असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटाव्यात. पण राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरलेला असतो, त्यामुळे खऱ्या शक्यता उरतात फक्त अकरा हजार. ही चूक २०११ मध्ये उघड झाली आणि अजून बऱ्याच डब्यांत आहे. मी ती सोय बंद केली.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवला. डब्ल्यूईपी हे नाव कुठे दिसलं तर तो डबा भंगारातच द्या, ते कुलूप २००१ मध्येच फुटलं आहे. नेटवर्कचं नाव लपवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याचा उपयोग नाही, ज्याला शोधायचं त्याला ते लगेच सापडतं. मी नाव लपवलं नाही, पण आडनाव काढून टाकलं. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक फोनला हे घर कुणाचं आहे हे सांगण्याची गरज काय?

आमचा बाळापूरचा किल्ला बघितलेल्यांना आठवत असेल, तिथे एकच दरवाजा ओलांडून आत जाता येत नाही. एकामागे एक तीन आहेत. १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाब इस्माईल खानानं तो पूर्ण केला. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधोमध उंचावर, पावसाळ्यात तर तीन बाजूंनी पाणी, तरी बांधणाऱ्यानं पाण्यावर भरवसा ठेवून दरवाजे वाचवले नाहीत. वर्गात मी मुलांना हाच दाखला दिला. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण आतूनच कुणी दार उघडलं तर?" मी म्हटलं, बेटा, तूच पुढचा तास घे.

कारण खरा पेच तिथेच आहे. समोरच्या घराचं काय करायचं?

पासवर्ड बदलला त्या संध्याकाळी बाराच्या बारा फोन तुटले, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत माझ्या सलामाचा आवाज जरा एकटाच वाटला. समोरच्या खाला दारात आल्या. रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या, आणि ते जास्त जड असतं. म्हणाल्या, "मास्टरसाब, हमसे क्या गलती हुई?" शेजाऱ्याच्या हकावर जुम्याच्या बयानात इतकं ऐकलेलं आहे की मला मान वर करता येईना. मी त्यांना बसवून सानपाड्याची गोष्ट सांगितली, सोपी करून. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हमारा पोट्टा ऐसा नै है." तो तसा नाही, मलाही माहीत आहे. पण त्यानं कुणाला दिला आणि त्या कुणानं कुणाला, हे ना त्यांना माहीत ना मला.

बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. ते मी केलं. त्याला जोडणाऱ्याला आपल्या घरातल्या लॅपटॉपपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, ती विकणारे सांगत नाहीत: पाहुण्यांचं नेटवर्कसुद्धा बाहेर पडताना तुमच्याच नावानं पडतं. त्यानं घरातलं सामान वाचतं, नाव वाचत नाही. म्हणून त्याचा पासवर्ड मी तीनच घरांना दिला आहे, ज्यांच्या मुलांना मी नावानं ओळखतो, आणि तो दर ईदला बदलतो. कोणी विचारलं तर कोणाकडे होता हे मला सांगता यावं, इतकंच. यादी अधूनमधून बघतो. फोन कोणता जोडला आहे ते बघतो, त्यावर कोण काय बघतं ते शोधत बसत नाही. राउटरचा मालक झालो म्हणून मोहल्ल्याचा कोतवाल झालो नाही. तजस्सुसची मनाई सूरह हुजुरातमध्ये आहे, ती वायफायलाही लागू आहे असं मी समजतो.

तीन घरं झाली. बाकीच्या पोरांचं काय, हा प्रश्न उरतोच आणि तो खोटा नाही. ज्याच्या घरात नेट नाही तो शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दहा रुपये देऊन दुकानात उभा राहतो. यावर माझं मत असं की हे ओझं एका मास्तरच्या राउटरवर नको. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, आणि वापरणारा स्वतःच्या ओळखीनं ॲपमधून जोडला जातो. म्हणजे ज्याचं काम त्याचं नाव. आमच्या मोहल्ल्यात मशिदीशेजारी एक वाचनालय आहे, दोन टेबलं, चार उर्दू पेपर आणि भरपूर धूळ. तिथे असं एक केंद्र का असू नये? जलशाच्या लाउडस्पीकरला आम्ही वर्गणी काढतो, यालाही काढू. मी कमिटीला अर्ज दिला आहे. अध्यक्ष म्हणाले, "बघू." सरकारी असो की जमातीचं, "बघू" म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मी दर जुम्याला आठवण करतो.

परवा समोरचा पोरगा आला होता, आता नववीत आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कचा नवा पासवर्ड त्याला वहीत लिहून दिला. त्यानं वाचला आणि म्हणाला, "सर, यात 'दरवाजा' चुकलाय, एक 'ए' कमी आहे." मी म्हटलं, मुद्दाम चुकवलाय. त्याचा विश्वास बसला नाही. जाताना दादींचा डबा त्याच्या हातात होता, रिकामा. त्यांचा फ्रीज बिघडला होता, बर्फ हवा होता.